कुंभार्ली घाटात दमलेली येझदी

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची 1978ची येझदी 250 मोटरसायकल, बी टाईप मॉडेल, चिपळूणजवळच्या घराच्या पडवीत 2006 पासून उभी आहे. किक खाली जात नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, आणि उघडतोच आहोत तर पॉईंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून 12 व्होल्टचं सीडीआय किट (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) टाकू. तुम्ही विचारताय, त्याचं ऐकावं का, आणि घरच्या घरी काय काय करता येईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "शेवटी शेवटी फार धूर मारायची, कुंभार्ली घाट चढताना दमायची, म्हणून बाबांनी उभी केली." अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य हेच आहे. चांगली चालणारी गाडी सहसा कोणी कोपऱ्यात लावत नाही. आधी काहीतरी बिघडतं, खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला जातो, मग वर गोणपाट पडतं. त्यामुळे अशा गाडीत नेहमी दोन बिघाड असतात, एक उभी करण्याआधीचा आणि एक उभी राहिल्यामुळे झालेला. लोक दुसऱ्याच्या मागे लागतात, टाकी धुतात, कार्बोरेटर चकचकीत करतात, गाडी चालू होते, आणि आठ दिवसांत परत त्याच जागी येते.

तुमच्या गाडीचा जुना बिघाड मला कराडात बसून दिसतोय असं म्हणणार नाही, पण संशय सांगतो. जावा-येझदीत गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचला फिरवणारी) एकाच ऑइलमध्ये चालतात. त्या ऑइलच्या आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) खोलीच्या मध्ये डाव्या बाजूला फक्त एक रबरी ऑइल सील असतं. टू स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की क्रँकच्या खोलीत ओढ तयार होते. सील कडक झालं असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा येते तसं डावीकडून गिअरचं ऑइलही आत ओढलं जातं आणि जळतं. मग मागे ढगासारखा पांढरट धूर, प्लग सतत काळा-ओला, आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कुठे गळत नसताना कमी होत जातं. हा धूर टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू स्ट्रोकचं ऑइल) कमी करून जात नाही. बरेच जण नेमकं तेच करतात आणि पिस्टन घासून घेतात.

म्हणून पहिलं काम: गिअरबॉक्सच्या खालचा ड्रेन बोल्ट उघडा आणि निघेल ते ऑइल मापाच्या भांड्यात घ्या. किती निघालं ते लिहून ठेवा. मग थेंबभर बोटावर घेऊन वास घ्या. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते उस्ताद कोणतीही जावा आली की पाना हातात घ्यायच्या आधी हेच करायचे. तेव्हा आम्ही पोरं हसायचो. ऑइल कमी निघालं तर ते इंजिनाने प्यायलंय. ऑइल पातळ झालंय आणि त्याला पेट्रोलचा वास येतोय, तर तेच सील उलट्या बाजूने गळतंय, म्हणजे पिस्टन खाली येताना मिश्रण गिअरबॉक्समध्ये ढकललं जातंय. एवढ्या वर्षांत पेट्रोलचा वास उडून गेला असेल, पण पातळपणा बोटांना कळतो. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. कोकणात ते होतंच.

आता किक. किक जाम म्हणजे इंजिन जाम, असं धरून चालू नका. तुमच्या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच आहे, आत दाबून वर फिरवला की किक. ती आख्खी यंत्रणा शाफ्टवर असते आणि शाफ्ट बाहेर जिथे निघतो तिथे पाणी बसून गंजतो. कित्येकदा इंजिन मोकळं असतं आणि दांडाच अडकलेला असतो. खात्री करायची तर प्लग काढा, उजव्या बाजूचं कव्हर उघडा, समोर डायनॅमो दिसेल. त्याच्या मधल्या बोल्टला पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून बघा. उलटं फिरवाल तर इंजिन फिरणार नाही, बोल्टच सुटेल. हलकं म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नको. दोन्ही हात लावून पान्याला लटकलात तर बोल्ट तुटून अर्धा क्रँकमध्ये राहील, आणि तो काढायचा खर्च इंजिनापेक्षा जास्त डोकं खाईल.

फिरलं तर नशीब. नाही फिरलं तर रिंगा सिलिंडरला गंजाने धरल्यात. प्लगच्या भोकातून डिझेल आणि टूटी ऑइल अर्धं अर्धं, साधारण दोन मोठे चमचे ओता आणि चार दिवस विसरून जा. मग रोज संध्याकाळी एकदा पाना लावून हलवून बघा, परत थोडं ओता. पाचव्या-सहाव्या दिवशी केसभर हललं की काम झालं. मग पुढे-मागे, पुढे-मागे. मागे नेताना बोल्ट सुटेल, म्हणून मागचं काम टॉप गिअरमध्ये चाक हाताने फिरवून करा.

गिअरमध्ये टाकून गाडी ढकलू नका, उतारावर सोडू नका, जीपमागे दोर बांधून ओढू तर मुळीच नका. हे मी ऐकीव सांगत नाही. मी नवीन होतो तेव्हा एक जावा अशीच आली, सहा-सात वर्षं उभी. उस्ताद बाहेरगावी. दोघांनी मागून रेटलं, मी सेकंडमध्ये क्लच सोडला. मागचं चाक दोन हात घासलं, मग "टक" असा बारीक आवाज आला आणि इंजिन फिरायला लागलं. आम्ही टाळ्या दिल्या. गाडी चालूही झाली, पण आतून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. सिलिंडर उचलला तर वरची रिंग तीन तुकडे होऊन पोर्टमध्ये अडकली होती आणि बोअरला वरून खालपर्यंत नखाएवढी खोल रेघ. चार दिवस डिझेल ओतून जे फुकटात झालं असतं त्यासाठी रिबोअर (सिलिंडर आतून पुन्हा कोरणं) आणि नवा पिस्टन लागला. पैसे माझ्या पगारातून गेले, ते बरोबरच होतं.

इंजिन मोकळं झालं की लगेच चालू करायची घाई करू नका. हेड आणि सिलिंडर उचला. या इंजिनाचा हाच मोठेपणा, वरचा भाग फ्रेममध्ये ठेवूनच अर्ध्या तासात सुटतो: दोन सायलेन्सर, कार्बोरेटर, हेडचे नट, बस. ओतलेलं डिझेल खाली क्रँकच्या खोलीत गेलेलं असतं, तेही पुसून निघेल. मात्र सिलिंडर वर घेताना खालच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा. तुटलेला रिंगेचा तुकडा किंवा गंजाची खपली आत पडली तर मग खरंच इंजिन उघडावं लागेल.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. सिलिंडर निघाल्यावर कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरा, क्रँक अशा जागी आणा की रॉड पूर्ण वर असेल, आणि सरळ वर-खाली ओढून बघा. डावी-उजवीकडे थोडा हलणारच, त्याचं काही नाही. वर-खाली "टुकटुक" लागलं तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं. मग केसिंग फोडून क्रँक प्रेसवर उघडायचा, नवी पिन-रोलर बसवायची आणि डायल गेज लावून सरळ करायचा. ते काम गावात होत नाही. क्रँकचंच काम करणाऱ्याकडे द्या. वर-खाली काही लागलं नाही, क्रँक फिरवताना बेअरिंग खरखरलं नाही, तर इंजिन पूर्ण उघडायची गरज नाही. वीस मिनिटांची ही तपासणी केल्याशिवाय "फुल इंजिन" सांगणारा माणूस एकतर घाईत आहे किंवा त्याला हे इंजिन माहीत नाही.

डावं सील मात्र बदलायचंच, रॉड चांगला निघाला तरी. डावं कव्हर, क्लच, प्रायमरी चेन काढून क्रँकवरचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) पुलरने ओढायचं. पुलर नसेल तर काम थांबवा. स्क्रू-ड्रायव्हर अडकवून हातोडी मारणाऱ्यांनी किती क्रँक वाकवलेत याचा हिशोब नाही. उजवीकडे डायनॅमोमागेही एक सील असतं. ते गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडला तरी गाडी रेस राहते. तेही त्याच वेळी बदला, रबराला वय असतंच.

बोअरमध्ये बोट फिरवा. वरच्या बाजूला, रिंग जिथे थांबते तिथे, पायरी लागते का? लागत असेल, किंवा गंजाचे खड्डे असतील तर रिबोअर. इथे एक गोष्ट लोक हमखास उलटी करतात: आधी सिलिंडर बोअर करून आणतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात. मूळ बोअर 65 मिमी, पुढचे ओव्हरसाईज पाव-पाव मिलिमीटरने वाढतात, आणि आता बाजारात कोणता मिळेल याची खात्री नाही. आधी पिस्टन हातात घ्या, मग तो पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्या आणि सांगा, याला बसेल असा बोअर कर. बसवताना रिंगेची दोन टोकं खाचेतल्या पिनेवर आलीच पाहिजेत. टू स्ट्रोकमध्ये ती पिन यासाठीच असते की रिंगेचं टोक पोर्टमध्ये अडकू नये.

घाटात दमण्याचं दुसरं कारण सायलेन्सर. धूर मारणाऱ्या गाडीचं न जळलेलं ऑइल मागे जाऊन कार्बन होतं आणि वाट बुजते. इंजिन श्वास घेतं पण सोडू शकत नाही. सायलेन्सरच्या शेपटाचा स्क्रू काढून आतली जाळी बाहेर ओढा. बोटभर जाड काळा थर निघाला तर नवल नाही. भट्टीत लाल करून ठोकली की खपल्या निघतात. कॉस्टिक सोड्यात भिजवलं तरी चालतं, पण हातमोजे घाला आणि त्या पाण्यात ॲल्युमिनियमचा कोणताही भाग टाकू नका, सोडा तो खाऊन टाकतो. कोकणात आणखी एक बघायचं. सायलेन्सरच्या, कार्बोरेटरच्या आणि हँडलच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. एका गाडीला आम्ही अर्धा दिवस किक मारल्या, मग मागच्या भोकात तार घातली तर चहाचा कप भरेल एवढी माती निघाली.

टाकीबद्दल लोक खूप लिहितात, मी थोडक्यात आटोपतो. कॉक काढा, भोक बंद करा, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर ठेवा, सोबत मूठभर नट टाकून हलवा. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि टूटी मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा, नाहीतर तासाभरात लाल पावडर परत येते. टाकीला भोक असेल तर रिकामी टाकीसुद्धा थेट वेल्डिंगला देऊ नका. पेट्रोल संपलं तरी वाफ संपत नाही, आणि त्या वाफेनेच टाक्या फुटतात.

पेट्रोल मात्र तुमच्या वडिलांच्या काळातलं राहिलेलं नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पुरेसं ओढलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे नेमकं कॉकच्या तोंडाशी. तेव्हा महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. जुनी रबरी नळी फुगून मऊ होते, ती आजच बदला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मिश्रण थोडं पातळ जळतं. पन्नासएक किलोमीटर चालवून प्लग काढून बघा. आतलं पोर्सिलेन चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. टूटी ऑइल लिटरला 40 मिली. नवा पिस्टन घातला असेल तर पहिले पाचशे किलोमीटर 50. आणि ते डब्यात मिसळून, हलवून मग टाकीत ओता. टाकीत आधी ऑइल आणि वरून पेट्रोल असं केलं तर पहिले चार किलोमीटर इंजिन नुसतं ऑइल पितं.

कार्बोरेटरचा फ्लोट पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तिथे भोक आहे, आतलं पेट्रोल काढून बारीक डाग द्या. जेटमध्ये तार घालू नका, फुंका किंवा पंपाची हवा मारा.

आता करंट. तुमच्या गाडीचं इग्निशन बॅटरीवर आहे, 6 व्होल्ट. मेलेल्या बॅटरीवर स्पार्क शोधण्यात लोक दिवस घालवतात. एक चांगली 6 व्होल्टची बॅटरी आणा. बाराची लावून "फक्त बघतो" म्हणालात तर कॉईल जाईल. पॉईंटवर एवढ्या वर्षांत पांढरट पापुद्रा चढलेला असणार, बारीक पॉलिश पेपरने घासा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेलं पोस्टकार्ड मध्ये धरून ओढा. गॅप 0.4 मिमी, प्लगचा 0.6. पॉईंट उघडण्याची वेळ पिस्टन वर पोचण्याआधी साधारण 3 मिमी. प्लगच्या भोकातून पट्टी घालून मोजता येतं. पॉईंटवर निळी मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. नुसती चावी चालू ठेवून गप्पा मारत बसू नका, पॉईंट मिटलेले असतील तर कॉईल तापून जळते.

सीडीआय किट? मी सोवळ्यातला माणूस नाही, माझ्या स्वतःच्या एका गाडीत घातलंय आणि रात्रीच्या उजेडासाठी 12 व्होल्ट खरंच बरं. पण आत्ता घालू नका. गाडी आधी मूळ वायरिंगवर चालवून दाखवा. नाहीतर धूर, सील, किट, जेट असे चार प्रश्न एकदम उभे राहतील आणि कोणता कशामुळे ते कळणार नाही. शिवाय काढलेला डायनॅमो जपून ठेवा. त्याचं आर्मेचर आता सहज मिळत नाही.

पहिल्यांदा चालू करताना गाडी बाहेर, मोकळ्यावर. चावी न लावता तीन-चार किक, मग चोक, चावी, लाल दिवा, किक. सुरुवातीला धूर भरपूर येईल, सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळतंय, घाबरू नका. दहा मिनिटांत तो विरळ झाला पाहिजे. विरळ होत नसेल तर सील नीट बसलेलं नाही. थ्रॉटल सोडूनही इंजिन रेस होत राहिलं तर लगेच चावी बंद. ब्रेक लायनर आणि टायर बदलल्याशिवाय घराच्या फाटकाबाहेर जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. मागची चेन बहुधा चांगली निघेल, ती पूर्ण झाकलेल्या कव्हरात असते. फक्त आत उंदराचं बिऱ्हाड नाही ना ते बघा.

कागदाचं तुम्ही विचारलं नाही, पण पैसे घालण्याआधी बघा. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत, म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायची, त्याला फॉर्म 31. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, त्याला फॉर्म 25. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या दुचाकीला या नूतनीकरणाची फी 2000 रुपये आहे, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. एमएचच्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर तो ऑनलाइन नोंदीत चढलाय का ते आधी आरटीओत विचारा. नसेल तर जुनं आरसी पुस्तक सोन्यासारखं सांभाळा. कोणी "व्हिंटेजमध्ये नोंदवू" म्हणाला तर ऐकू नका. ती नोंदणी पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीलाच मिळते, तुमची 2028 मध्ये बसेल, फी 20,000 आहे आणि मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुम्हाला ती घेऊन घाट चढायचाय ना?

तर या रविवारी फक्त दोनच कामं करा. ऑइल काढून मोजा आणि डायनॅमोच्या बोल्टवर पाना लावून बघा. किती मिली निघालं, वास कसा होता आणि पाना हलला का, एवढं कळवा. पुढचं काय ते त्यावर सांगतो.